ऋतूंच्या वाटेवर

दिवाळी उलटते, खरिपाचे धान्य घरात येऊन पडते आणि पहाटेच्या वेळी अंगावरची गोधडी बाजूला सारण्यास मन घेत नाही. अशा दिवसांत महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत एक गोड वाद सुरू होतो. नाताळच्या सुट्टीत जावयाचे कोठे? एकास डोंगर हवा असतो, दुसऱ्यास समुद्र. आजीला देवदर्शन घडावेसे वाटते, तर धाकट्यांना केवळ घराबाहेर पडावयाचे असते.

पूर्वीच्या काळी हा वाद फारसा होत नसे. आषाढात पंढरीची वारी, चैत्रात कुलदैवताची यात्रा, वैशाखात लग्नकार्ये आणि आजोळ, अशी प्रवासाची वेळ व दिशा पंचांग आणि शेतीची कामे मिळून ठरवीत. आता रस्ते झाले, वाहने झाली. मनात येईल त्या दिवशी निघता येते. त्यामुळे आपण केव्हाही गेलो तरी ते ठिकाण आपल्यासाठी सज्जच असेल, अशी समजूत होऊन बसते. ही समजूत खरी नव्हे. ठिकाण नकाशावर जागचे हलत नाही. परंतु मार्गशीर्षातील सह्याद्री आणि श्रावणातील सह्याद्री हे जणू दोन निराळे मुलूख आहेत. कोणत्या ऋतूत कोठे काय घडते आणि ते का घडते, हे ज्याला उमगले त्याची निम्मी सहल घरीच साधली.

हिवाळ्यातील सर्वांत जुनी आणि सर्वांत सोपी सहल म्हणजे शेतावरची. देशावरच्या काळ्या जमिनीत भाद्रपद-आश्विनात शाळू पेरतात. हे ज्वारीचे पीक पावसावर वाढत नाही. जमिनीने पोटात साठवून ठेवलेल्या ओलीवर आणि रात्रीच्या थंडीवर ते पोसते. पौषाच्या सुमारास कणसात दाणा भरतो. प्रथम त्यात पातळ दूध असते, मग ते घट्ट होऊ लागते. दाण्यातील साखरेचे पिठात पुरते रूपांतर होण्यापूर्वीचे हे थोडे दिवस असतात. या दिवसांतला कोवळा, गोड दाणा म्हणजे हुरडा. शेतात लहानसा खड्डा करून त्यात गोवऱ्यांचा विस्तव करतात. तिला आगटी म्हणतात. आगटीच्या निखाऱ्यांत कणसे खुपसावयाची, ती भाजली की गरम असतानाच तळहातांवर चोळावयाची आणि फुंकरीने कोंडा उडवून हिरवे दाणे पाहुण्यांपुढे ठेवावयाचे. चोळणाराचे हात पोळतात, पण त्याची तक्रार कोणी करीत नाही! सोबत लसणीची चटणी, गूळ, दही, बोरे आणि हरभऱ्याचा हुळा. गूळभेंडीसारख्या काही जातींची ज्वारी तर मुख्यत्वे हुरड्यासाठीच नावाजलेली आहे.

कणीस आठवडाभर आधी तोडले तर हाती नुसते दूध लागते, आठवडाभर उशीर झाला तर दाणा कडक होतो. म्हणून हुरड्याचे आमंत्रण पुढे ढकलता येत नाही. हल्ली पुणे, सोलापूर अशा शहरांच्या आसपास पैसे घेऊन हुरडा देणारी शेते पुष्कळ झाली आहेत. त्यात वावगे काही नाही. मात्र उभ्या पिकातले कोवळे धान्य पाहुण्यांसाठी तोडणारा शेतकरी आपल्या पुढच्या धान्यातलाच वाटा देत असतो, हे तेथे बसून खाणाऱ्याच्या ध्यानी असलेले बरे.

याच दिवसांत गोदावरीच्या काठी दुसरे पाहुणे उतरलेले असतात. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूर मधमेश्वर येथे इंग्रजी अमदानीत पाटबंधाऱ्यासाठी दगडी बंधारा बांधला गेला. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्येमध्ये बेटे व दलदल तयार झाली. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हा तोटाच होता. परंतु उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढल्या, शंख-शिंपले आणि कीटक वाढले, आणि त्यांच्यामागोमाग पक्षी आले. १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंदली गेलेली ही महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली.

हे पक्षी येथे येतात ते थंडीची मौज लुटण्यासाठी नव्हे. उत्तर आणि मध्य आशियातील तळी हिवाळ्यात गोठून जातात. चोच बुडविण्यासही पाणी उरत नाही. म्हणून थापट्या, तलवार बदक अशी बदकांची कुळे हजारो किलोमीटरांचा प्रवास करून दक्षिणेकडे येतात. गोदाकाठच्या जलाशयांवर येणाऱ्या पाहुण्यांपैकी पट्टकादंब या हंसाची कथा तर थक्क करणारी आहे. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तिबेट व मंगोलियातील तळ्यांकाठी त्याची वीण होते आणि हिवाळ्यासाठी तो हिमालय ओलांडून भारतात उतरतो. सात हजार मीटरांहून अधिक उंचीवर तो उडत असल्याची नोंद झालेली आहे. तेथील विरळ हवेत माणसास चार पावले टाकतानाही धाप लागते. या पक्ष्याच्या रक्तातील तांबडे द्रव्य मात्र विरळ हवेतूनही प्राणवायू पकडून ठेवते. शिवाय तो बहुधा रात्री व पहाटे उडतो. कारण थंड हवा अधिक दाट असते आणि पंखांना तिचा आधार मिळतो.

फाल्गुन सरता सरता हे पाहुणे परत निघतात. त्यापूर्वी त्यांना पोटभर खाऊन अंगात चरबी साठवावी लागते. वाटेतील शिदोरी ती हीच. होडी फार जवळ नेली किंवा आरडाओरडा केला की सगळा थवा उडतो, तळ्यावर घिरट्या घालतो आणि साठविलेली शक्ती व्यर्थ खर्चितो. पाहणारास तो देखावा सुंदर दिसतो, यात शंका नाही. पक्ष्याच्या शिदोरीतला एक घास मात्र तेवढ्यात कमी झालेला असतो.

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर हे तर उन्हाळ्याचे ठिकाण म्हणून सर्वांच्या परिचयाचे. पण हिवाळ्यात तेथे एक चमत्कार घडतो. काही पहाटे वेण्णा तळ्याच्या परिसरात गवतावर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरा थर दिसतो. हा बर्फाचा पाऊस नव्हे. हे गोठलेले दव होय. नवल असे की, त्याच पहाटे वरच्या गावठाणातील तापमापक आठ-दहा अंश दाखवीत असतो. मग खालीच दव गोठते कसे? निरभ्र, निवांत आणि लांबलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते व तिच्यालगतची हवा थंड होते. थंड हवा जड असते. पाण्याप्रमाणेच ती उतारावरून ओघळत खोलगट भागात जाऊन साचते. वेण्णेचा परिसर असा खोलगट आहे. वारा सुटला किंवा आकाशात ढग आले की हा खेळ मोडतो.

या देखाव्याची छायाचित्रे घेण्यास प्रवासी भल्या पहाटे धावतात; शेतकरी मात्र त्याच पहाटे चिंतेने शेतात फिरत असतो. स्ट्रॉबेरीला थंडी मानवते, परंतु दव गोठले की तिचे नाजूक फूल काळे पडते, आणि काळ्या पडलेल्या फुलाचे फळ होत नाही. पावसाळा ओसरताना लावलेली ही रोपे हिवाळाभर व उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत फळे देतात, आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या कित्येक घरांचा वर्षाचा खर्च त्यांवर चालतो. येथील स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

उन्हाळ्याविषयी फार सांगावयास नको. समुद्रसपाटीपासून वर गेले की दर हजार मीटरांना हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. याच कारणास्तव १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरी वसाहत वसविली, आणि १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या माथ्यावर पोहोचले. माथेरानला नेरळहून जाणारी चिमुकली आगगाडी १९०७ मध्ये सुरू झाली. मोटारींना गावाबाहेरच थांबावे लागते, त्यामुळे तेथील झाडीत पाखरांचा आवाज अजून ऐकू येतो. तरीही उन्हाळ्यातला खरा मुक्काम अनेकांच्या मनात आजोळचाच असतो. कोकणातले आंबे-फणस, विहिरीवरची आंघोळ आणि रात्री अंगणात ऐकलेल्या गोष्टी यांची बरोबरी कोणत्याही प्रसिद्ध ठिकाणास करता येणार नाही.

उन्हाळा आणि पावसाळा यांच्या सांध्यावर, वळवाच्या सरी पडू लागल्या की भंडारदऱ्याच्या रानात काजवे चमकू लागतात. काजव्याची अळी कित्येक महिने ओलसर जमिनीत राहून गोगलगाईंवर उपजीविका करते. पंख फुटल्यावर मात्र त्याला जेमतेम दोन-तीन आठवड्यांचे आयुष्य असते. तेवढ्यात जोडीदार शोधावयाचा आणि अंडी घालावयाची. नर विशिष्ट ठेक्यात उघडमीट करतो आणि मादी तशाच प्रकाशाने त्याला उत्तर देते. हिरडा, बेहडा, जांभूळ यांसारखी झाडेच्या झाडे त्या वेळी पेटल्यासारखी दिसतात. हा देखावा पाहण्यास आलेल्या मोटारींचे झगझगीत दिवे पडले की त्यांची ही खुणांची भाषा बुडून जाते. काजवे पाहावयाचे तर आपले दिवे मालवून, अंधारात थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे लागते.

मग पाऊस येतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीवर चढतात, वर जाताना निवतात आणि माथ्यावर कोसळतात. महाबळेश्वरास वर्षाला सुमारे सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वीस किलोमीटरही दूर नसलेल्या पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. पूर्वी महाबळेश्वरचे लोक मृगाआधी घरांना गवताच्या झडपा बांधून घेत आणि गाव जवळजवळ मिटून जाई.

पावसाचा जोर ओसरू लागला की साताऱ्याजवळील कासचे पठार फुलते. हे पठार म्हणजे जांभ्या दगडाचा एक प्रचंड सपाट तवाच होय. त्यावरील मातीचा थर कोठे चार बोटांचा, कोठे तेवढाही नाही. मोठे झाड येथे मूळ धरू शकत नाही. म्हणूनच इवल्याशा वनस्पतींना येथे मोकळीक मिळते. पाणी साचलेल्या जागी सीतेची आसवे नावाची निळी-जांभळी फुले पसरतात. त्या मातीत पोषण अपुरे असल्यामुळे ही वनस्पती मुळांजवळील सूक्ष्म पिशव्यांत जलजीव पकडून आपली भूक भागविते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये या पठारास जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि गर्दी अतोनात वाढली. फुलांत बसून छायाचित्रे काढणारी कुटुंबे, पायांखाली लगदा झालेले ताटवे असे दृश्य दिसू लागले, तेव्हा हंगामात दिवसाला येणाऱ्या प्रवाशांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. आसपासच्या गावांतील माणसेच ही व्यवस्था पाहतात.

येथील बहुतेक वनस्पती एका पावसाळ्याच्या आयुष्याच्या असतात. फूल तुडविले गेले म्हणजे केवळ फूल गेले असे नव्हे, तर त्याचे बीही गेले. आणि पुढच्या वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही. जे ताटवे वाचतात ते आश्विनाच्या सुमारास सुकतात. रंग उतरतो, गवत पिवळे पडते, बी दगडांच्या भेगांतल्या मूठभर मातीत गळून पडते आणि हिवाळ्याची थंडी व वैशाखाचा तवा सोशीत पुढच्या पावसापर्यंत तेथेच निपचित पडून राहते.