न दिसणारे घोडे आणि दारावरचे चक्र

जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर’ ही सात भागांची कादंबरीमाला मराठीतही उपलब्ध असून निवासी शाळांतील मुलेही ती आवडीने वाचतात. तिच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाचव्या भागात ‘थेस्ट्रल’ नावाचा एक अद्भुत प्राणी भेटतो. काळा, हाडांचा सापळा झालेला, वटवाघळासारखे पंख आणि पांढरे डोळे असलेला हा घोडा जादूच्या शाळेच्या बग्ग्या ओढतो. मात्र तो सर्वांना दिसत नाही. ज्याने कुणाचे तरी मरण पाहिले आहे, त्यालाच तो दिसतो. इतरांना बग्गी आपोआप चालल्यासारखी वाटते.

या कल्पनेतील खरी मेख पुढे आहे. हॅरी तान्हा असताना त्याच्या आईचे मरण त्याच्या डोळ्यांदेखत घडले. तरीही पहिली चार वर्षे त्याला हे घोडे दिसले नाहीत. चौथ्या भागाच्या अखेरीस सेड्रिक हा सोबती त्याच्यासमोर मारला जातो आणि त्यानंतरच्या वर्षी ते दिसू लागतात. लेखिकेने याचा खुलासा केला आहे : मरण नुसते पाहून भागत नाही, ते उमगावे लागते. हे घोडे अपशकुनी आहेत असा समज त्या कथेतही आहे. प्रत्यक्षात मात्र ते शांत, वाट न चुकणारे आणि उपयोगी प्राणी ठरतात.

अपशकुनाचा हा समज आपल्याला परका नाही. रात्री टिटवी ओरडली किंवा घराच्या आढ्यावर घुबड बसले, की मरण येणार असे मराठवाड्याच्या खेड्यांत आजही म्हटले जाते. वास्तविक घुबड आणि पिंगळा शेतातील उंदीर खातात. ते शेतकऱ्याचे मित्र होत. पक्ष्यावर ठेवलेला आळ वाईटच. पण तोच आळ माणसाच्या लेकरावर येतो तेव्हा फार मोठी हानी होते. बाप गेलेल्या पोराला ‘पांढऱ्या पायाचा’ म्हणणारे लोक आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ज्याने सर्वाधिक सोसले, त्यालाच आपण दोषी ठरवतो.

मरणाकडे पाहण्याची याहून निराळी रीत आपल्याच भूमीत, अजिंठ्याच्या डोंगरात, सुमारे पंधराशे वर्षांपासून रेखाटलेली आहे. वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील सतराव्या लेण्याच्या ओसरीत डाव्या बाजूला एका मोठ्या चक्राचे चित्र आहे. आज त्याचा बराचसा भाग नष्ट झाला आहे. पूर्वीच्या अभ्यासकांनी ते राशिचक्र समजून या लेण्याला तसे नावही दिले होते. पुढे ते भवचक्र असल्याचे स्पष्ट झाले. जन्म, जरा आणि मरण यांचा फेरा त्यात दाखवलेला असतो. तिबेटी परंपरेतील अशा चित्रांत हे चक्र एका विक्राळ प्राण्याने पंजांत आणि जबड्यात धरलेले दिसते. तो प्राणी म्हणजे अनित्यता. काही जण त्याला यम, तर काही जण मार म्हणतात.

हे चित्र ओसरीत का काढले असावे? ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात त्याचे उत्तर मिळते. विहाराच्या दारी असे चक्र रंगवावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते समजावून सांगण्यासाठी एका भिक्खूची नेमणूक करावी, असे त्यात सांगितले आहे. विहार म्हणजे भिक्खूंचे राहण्याचे आणि शिकण्याचे ठिकाण. आजच्या भाषेत निवासी विद्यालयच. तिथे मरण लपवून ठेवले जात नव्हते; ते प्रवेशद्वारी मांडले जात होते. आणि चित्रापाशी बोलणारा एक माणूस उभा केला जात होता. पाहणे आणि उमगणे यांतले अंतर तो माणूस भरून काढत असे.

सव्विसाव्या लेण्यात ही शिकवण पाषाणात दिसते. या लेण्यातील शिलालेखात भिक्खू बुद्धभद्र आणि अश्मक देशाच्या राजाचा अमात्य भव्विराज यांची नावे आहेत. गोदावरीकाठचा अश्मक देश म्हणजे आपला शेजारच. त्याची राजधानी नांदेडलगतच्या बोधन येथे होती असे अनेक अभ्यासक मानतात. या लेण्याच्या डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे आणि त्याच भिंतीवर मारविजयाचाही प्रसंग कोरलेला आहे. ‘मार’ आणि आपला ‘मरण’ हा शब्द एकाच ‘मृ’ धातूपासून आले आहेत. विद्रूप सैन्य चालून आले आहे, मारकन्या नाचत आहेत आणि मध्यभागी तथागत भूमीला हात लावून स्थिर बसले आहेत. ते पळत नाहीत, शस्त्रही उचलत नाहीत. समोर काय आहे ते ओळखतात.

हा विषय आपल्या शाळांशी अगदी जवळून निगडित आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागातील हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली आणि असंख्य मुलांनी एका पहाटेत आपले घर गमावले. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. त्यानंतरही दुष्काळ, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांनी मराठवाड्यातील कितीतरी मुलांना लहान वयातच मरण दाखवले आहे. अशी मुले निवासी शाळांत येतात. त्यांना जे दिसते, ते शेजारच्या खाटेवरील मुलाला दिसत नाही.

अशा मुलाला ‘विसरून जा’ असे सांगणे सोपे आहे. पण ते त्याच्या डोळ्यांवर हात ठेवण्यासारखे आहे. ‘बाबा गावाला गेले’ असे खोटे सांगणेही योग्य नव्हे. गेलेल्या माणसाचे नाव त्याच्यासमोर घ्यावे, त्याच्या प्रश्नांना सरळ उत्तरे द्यावीत, त्याला रडू द्यावे आणि अपशकुनाचा शब्द कानी आला तर तिथल्या तिथे अडवावा. एवढे पालक करू शकतात, शिक्षक करू शकतात आणि स्वतः या वाटेने गेलेले माजी विद्यार्थी तर सर्वांत चांगले करू शकतात. प्राचीन विहाराने दारावरच्या चित्रापाशी एक माणूस उभा केला होता. आपल्या वसतिगृहाच्या दारीही तसे कुणीतरी उभे असले पाहिजे.