हायड्रेंजियाचे झुडूप किती वाढते?

उटी किंवा दार्जिलिंगची सहल तुमच्यापैकी काहींना घडली असेल. तेथील बागांतून निळ्या, जांभळ्या किंवा गुलाबी फुलांचे चेंडूएवढे गुच्छ मिरवणारी झुडपे दिसतात. तीच हायड्रेंजिया. हे झाड किती वाढते, असे माळीबुवांना विचारा. ते हात छातीपाशी धरून दाखवतील. उत्तर बरोबर आहे, पण एका जातीपुरतेच! हिची एक बहीण चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीपर्यंत चढू शकते.

छातीएवढ्या जातीचे नाव आहे मॅक्रोफायला, म्हणजे मोठ्या पानांची. ती मूळची जपानची. उंची १ ते २ मीटर आणि घेरही जवळजवळ तेवढाच. रोप लावताना लोक उंचीचा विचार करतात आणि घेर विसरतात. मग दोन-चार वर्षांत पायवाट बुजते.

फसगत होण्याचे आणखी एक कारण आहे. थंड देशांत फुलांच्या दुकानात हायड्रेंजियाचे फुललेले रोप कुंडीत मिळते. ते असते जेमतेम वीतभर-दोन वीत. पुष्कळदा रोपवाटिकेत त्यावर डॅमिनोझाइड हे रसायन फवारलेले असते. झाडात जिबरेलिन नावाची संप्रेरके तयार होतात आणि त्यांच्यामुळे खोडाची पेरी लांबतात. डॅमिनोझाइड त्यांच्या निर्मितीत आडकाठी आणते, म्हणून पेरी आखूड राहतात आणि रोप ठेंगणे दिसते. असे रोप कोणी खिडकीखाली जमिनीत लावले, की रसायनाचा परिणाम ओसरतो, मुळांना मोकळी जागा मिळते आणि काही वर्षांत खिडकी झाकली जाते. मालक हिवाळ्यात कात्री घेऊन सगळ्या फांद्या अर्ध्यावर आणतो. पुढच्या उन्हाळ्यात काय दिसते? पाने भरपूर, पण फूल औषधालाही नाही!

असे का व्हावे? मॅक्रोफायलाच्या कळ्या उन्हाळ्यात उमलतात खऱ्या, पण त्या घडलेल्या असतात आदल्या वर्षीच. उन्हाळा सरताना आणि शरदात फांद्यांच्या टोकांवरील डोळ्यांत त्यांची तयारी होते. हिवाळ्यात झुडूप उघडेबोडके, निर्जीव दिसते, पण त्या डोळ्यांत पुढचा बहर मिटून बसलेला असतो. मालकाने नेमका तोच छाटला. बरे, उंची तरी कमी झाली का? तीही नाही. मुळांचा पसारा शाबूत असल्याने नवे धुमारे जोमाने वर येतात.

पॅनिक्युलाटा या जातीची तऱ्हा उलटी. तीही जपान आणि चीनकडची. फुलोरा चेंडूसारखा नसून शंकूसारखा, पांढरा. ती २ ते ५ मीटर वाढते. तिच्या कळ्या त्याच वर्षीच्या नव्या फांद्यांवर येतात, त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीस खुशाल छाटावी. अमेरिकेतील आर्बोरेसेन्स जातीची कथाही अशीच. तिचा ‘ॲनाबेल’ हा प्रकार जमिनीलगत कापला तरी एका हंगामात पुन्हा मीटरभर होतो. मात्र गुच्छ इतके जड, की पावसाची सर आली की बारीक फांद्या लोळण घेतात! अमेरिकेतच, आग्नेय भागात, ओकसारख्या पानांची क्वेर्सिफोलिया आढळते. ती २ ते ३ मीटर वाढते, पण कळ्यांच्या बाबतीत मात्र मॅक्रोफायलाच्या पंक्तीला बसते.

आता ती गच्चीवर चढणारी बहीण. तिचे नाव पेटिओलॅरिस. ही वेल आहे. जपान-कोरियाच्या जंगलांत ती झाडांवर चढून १५ मीटरांच्याही वर जाते. हिमालयातील ॲनोमला ही तिची अगदी जवळची नातलग. हिच्या फांद्यांतून बारीक आगंतुक मुळे फुटतात आणि ती भिंतीला किंवा खोडाला घट्ट धरतात. स्वतःचा भार पेलणारे भक्कम खोड बनवण्यात अन्न खर्ची घालावे लागत नाही. ते काम आधाराचे झाड करते. आधार नसेल तर हीच वेल जमिनीवर पसरत राहते. लावल्यावर पहिली दोन-तीन वर्षे ती फारशी हलत नाही. अधीर मालक तेवढ्यात तिला उपटून टाकतो, याचे मला वाईट वाटते.

तेव्हा मॅक्रोफायला आटोक्यात ठेवायची असेल तर फुले सुकताच, नव्या कळ्या घडण्यापूर्वी, बेताने छाटावी. त्याहून सोपे म्हणजे मुळातच ठेंगणा प्रकार निवडावा. क्वेर्सिफोलियाचा ‘पी वी’ सुमारे मीटरभरच वाढतो.

आपल्याकडील उष्ण सपाटीवर हायड्रेंजिया नीट रुजत नाही. पण कळी कोठे घडते हे तुम्हाला घरच्या अंगणातही पाहता येईल. नोव्हेंबरच्या अखेरीस आंबा आणि जास्वंद यांच्या पाच-पाच फांद्यांच्या टोकाशी रंगीत दोरा सैलसर बांधा. दर आठवड्याला वहीत नोंद करा, की फूल दोऱ्यापाशी आले, की दोऱ्याच्या पुढे वाढलेल्या नव्या फांदीवर?