निशाणावरची नावे आणि निशाणाबाहेरची माणसे

पलटणीने ज्या लढायांत नाव मिळविले त्या लढायांची नावे तिच्या निशाणावर कोरण्याचा प्रघात इंग्रजी अमदानीत होता. हैदराबादच्या कंटिन्जंट फौजेला जे सन्मान मिळाले त्यांत तीन नावे ओळीने येतात : महिदपूर, नोव्हा आणि मध्य हिंदुस्थान. पहिले माळव्यातले. तिसऱ्यात झाशी, काल्पी, ग्वाल्हेर ही सारी येतात. मधले नोव्हा मात्र आपल्या नांदेडकडचे, हदगावच्या बाजूचे. एका खेड्यातल्या गढीचे नाव फौजेच्या निशाणावर जावे असे तेथे काय घडले? आणि या तिन्ही लढायांत लढलेले शिपाई कोणासाठी लढले? या दोन प्रश्नांचा उलगडा आज आपल्यापुढे करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

आधी ही फौज कशी उभी राहिली ते पाहू. हैदराबादचे रेसिडेंट हेन्री रसेल यांनी १८१३ साली इंग्रजी धर्तीच्या कवायतीची एक तुकडी उभी केली. तिला रसेल ब्रिगेड म्हणत. पुढे विस्तार होऊन तिची कंटिन्जंट झाली. शिपाई निजामाचे, पगार निजामाच्या खजिन्यातून आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी ही मोठी चमत्कारिक व्यवस्था होती. वर्षाचा खर्च पुढे चाळीस लाख रुपयांच्या घरात गेला. तो भागविण्यासाठी सावकारांची कर्जे झाली, आणि कर्जे व सारा यांचा भार अखेर रयतेच्या पाठीवर आला. आपल्याला दाबात ठेवणाऱ्या फौजेची खर्ची आपल्याच शेतकऱ्याने द्यावी, असा हा न्याय!

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. त्या लढाईत रसेल ब्रिगेड इंग्रजांच्या बाजूने होती. तेथून परतल्यावर वर्षभरातच तिला घराजवळचे काम लागले. पैनगंगेच्या दोन्ही अंगांना हटकर नाईकांचे बळ मोठे होते. डोंगरवाटांची राखण, गढ्यांचा ताबा आणि त्यांवरचे हक्क ही त्यांची पिढ्यांपिढ्यांची वतनदारी. नवी सत्ता या हक्कांना मानीना, तेव्हा नाईक उठले. त्यांचा पुढारी नोवसाजी नाईक, आणि त्याचे मुख्य ठाणे नोव्हा.

मेजर पिटमन यांच्या हाताखाली फौज नोव्ह्यावर आली, आणि ८ जानेवारी १८१९ रोजी वेढ्याला तोंड लागले. आपल्याकडच्या गढ्यांचे तट पांढऱ्या मातीचे, खाली रुंद आणि वर निमुळते. दगडी तट तोफेच्या माऱ्याने ढासळतो. मातीचा तट गोळा पोटात घेतो आणि उभा राहतो. म्हणून वेढा घालणाऱ्यांना खंदक खणीत, मोर्चे पुढे सरकवीत तटाच्या पायथ्याशी जावे लागते आणि तेथे सुरुंग भरावा लागतो. नोव्ह्याला हेच झाले. आतली शिबंदी पाचशेवर, आणि तीत बहुतेक अरब. तीन आठवडे ती झुंजली. ३१ जानेवारीला सुरुंग उडाला, खिंडार पडले आणि फौज आत घुसली. शिबंदीपैकी चारशेच्या वर माणसे त्या एका दिवसात कामास आली. जे जिवंत सापडले त्यांतले बहुतेक जखमी होते. गढीने शरणागतीचे निशाण लावले नाही. ती पडली ती माणसे संपली म्हणून.

येथे आम्हांला एक सावधगिरी सांगावीशी वाटते. नोव्ह्याच्या लढाईला स्वातंत्र्ययुद्ध म्हणण्याचा मोह आपल्याला होतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. परंतु नाईक लढले ते वतनासाठी, अरब लढले ते पगारासाठी आणि दिलेल्या शब्दासाठी. बाहेरचे शिपाईही दख्खनी मुसलमान, परदेशी, तेलंगी असे नाना जातींचे पोटार्थीच होते. राष्ट्र ही कल्पना त्या खंदकाच्या अलीकडे नव्हती, तशी पलीकडेही नव्हती. मात्र परक्याच्या हुकमाखाली चालणारे राज्य आपण मानीत नाही, ही गोष्ट नोव्ह्याने प्राण देऊन सांगितली. पुढच्याच वर्षाच्या सुमारास उदगीरकडच्या देशमुखांनी डोके वर काढले आणि तेही मोडले गेले. तेव्हा नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या भूमीवर ही ठिणगी सत्तावनच्या जवळजवळ चाळीस वर्षे आधी पडली होती.

आता सत्तावन पाहू. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत याच कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यात कुजबुज सुरू झाली की आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार. दख्खनबाहेर आम्ही जाणार नाही, असे स्वारांनी बजावले. पुण्याहून निघालेली जनरल वुडबर्न यांची फौज तेथे येऊन थडकली, उठाव चिरडला गेला, आणि दफेदार मीर फिदा अली याला फाशी झाली. बुलढाण्याकडून निसटलेला जमादार चीदाखान काही सोबत्यांसह हैदराबादेस पोहोचला; पण दरबाराने त्याला पकडून रेसिडेन्सीच्या हवाली केले. त्याला सोडवावे म्हणूनच तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी १७ जुलै रोजी रेसिडेन्सीवर हल्ला केला. औरंगाबादच्या घोड्यांच्या पागेतली ठिणगी महिन्याभरात राजधानीच्या दारापर्यंत गेली ती अशी.

पण त्याच फौजेच्या बाकीच्या पलटणी सर ह्यू रोझ यांच्या मोहिमेत सामील झाल्या. मंदसोर, झाशीचा वेढा, कूंच, काल्पी, ग्वाल्हेर असे करीत त्या जून १८५८ पर्यंत लढत राहिल्या. झाशीच्या तटाखाली एका बाजूला राणीचे शिपाई आणि दुसऱ्या बाजूला दख्खनच्या छावण्यांतून गेलेले शिपाई, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे मन विषण्ण होते. आणि या इमानाचे मोल काय झाले? कंटिन्जंटच्या थकबाकीपोटी १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही घेतला होता. आजच्या लातूर जिल्ह्यातील औशाचा भाग नळदुर्गच्या याच टापूतला. १८६० साली हा मुलूख निजामाला बक्षीस म्हणून परत मिळाला. शिपायांनी झाशीला रक्त सांडले, आणि त्याच्या मोबदल्यात आपली गावे एका धन्याच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली. गावांना कोणी विचारले नाही.

याच सुमारास नारखेडचा पटवारी रंगराव रत्नाकर पागे उत्तरेत जाऊन नानासाहेब पेशव्यांचे पत्र घेऊन आला. बिदर, कौलास या टापूत त्याने माणसे जमविली. कौलासचे राजे दीपसिंग यांच्यापर्यंत धागे पोहोचले. १८५९ साली कट फुटला, रंगराव काळ्या पाण्यावर गेला आणि १८६० साली तेथेच वारला. त्याच्याजवळ ना पलटण होती ना तोफ. गावचे दप्तर सांभाळणारा तो साधा माणूस. पण कोणाच्या बाजूने उभे राहायचे हे त्याने स्वतः ठरविले. कंटिन्जंटच्या शूर शिपायाला जे साधले नाही ते या लेखणीवाल्याला साधले.

कंटिन्जंटच्या पलटणी १९०३ साली हिंदी लष्करात विलीन झाल्या. त्यांच्या पायदळातून १९२२ साली हैदराबाद रेजिमेंट झाली, आणि १९४५ साली तिचेच नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. त्याच कुमाऊँच्या चौथ्या पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला धारातीर्थी पडले आणि पहिल्या परमवीर चक्राचे मानकरी ठरले. शौर्य तेच, परंपरा तीच. बदलला तो फक्त हुकूम देणारा. आपल्याच लोकांविरुद्ध मिळालेले जुने सन्मान मिरवायचे नाहीत, असे स्वतंत्र भारताच्या सेनेने ठरविले, ते योग्यच झाले.

तथापि निशाणावरून नाव काढले म्हणजे इतिहास पुसला जात नाही; पुसूही नये. महिदपूर, नोव्हा आणि झाशी या तिन्ही ठिकाणी जिंकणाऱ्यांची नोंद झाली, हरणाऱ्यांची झाली नाही. सुरुंगाने उडालेल्या तटाखाली जी चारशे माणसे राहिली त्यांची नावे कोणत्याच निशाणावर नव्हती. शिपायाचे शौर्य त्याच्या मनगटात असते. पण त्याची किंमत तो कोणाच्या बाजूने लढला यावर ठरते. एवढे ध्यानात ठेवून आपल्यापैकी कोणी हदगावच्या वाटेने जाताना मातीचा पडका तट पाहिला, तर क्षणभर थांबावे.