वीजबिल अचानक वाढलं? भरण्याआधी बिलावरच्या या नोंदी तपासा

घरात पंखे तेवढेच, बल्ब तेवढेच, तरी बिल गेल्या महिन्यापेक्षा चारशे रुपयांनी जास्त! उन्हाळ्यात गावोगावी ही तक्रार ऐकू येते. मीटर जोरात पळतोय, असा संशय लगेच येतो. पण आधी बिल नीट वाचलं, तर वाढीचं कारण बऱ्याचदा तिथंच सापडतं.

शंभर युनिटची रेघ

घरगुती विजेचे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे टप्पे, म्हणजेच स्लॅब आहेत. टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटना महाग दर लागतो. सगळ्याच युनिटना तो लागतो, हा गैरसमज आहे.

2024-25 च्या दरांनी हिशोब पाहू. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या 100 युनिटना 5 रुपये 88 पैसे, तर पुढच्या 200 युनिटना 11 रुपये 46 पैसे दर होता. 95 युनिटचे झाले 559 रुपये. 135 युनिटचे झाले 989 रुपये. युनिट वाढले फक्त 40, पैसे वाढले 430. दर नंतर बदलले तरी टप्प्यांची ही रीत ध्यानात ठेवा.

याशिवाय स्थिर आकार असतो. घर बंद असलं तरी तो भरावाच लागतो. वीज खरेदीच्या खर्चाप्रमाणे इंधन समायोजन आकार कमी-जास्त होतो. वर 16 टक्के वीज शुल्क लागतं.

रीडिंग खरं की सरासरी?

बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचा आकडा जुळवून पाहा. आकड्याच्या जागी ‘लॉक’ किंवा ‘फॉल्टी’ असा शेरा असेल, तर बिल सरासरीवर काढलेलं असतं. मग पुढे कधीतरी सगळे युनिट एकदम येतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये असंच झालं. रीडिंग बंद होतं आणि जूनचं बिल पाहून लोक हबकले.

अशा बिलात स्लॅबचा फायदा तितक्या महिन्यांचा मिळाला का, हे जरूर पाहा. समजा, तीन महिन्यांचे 240 युनिट आले. महिन्याला 80 धरले तर वरच्याच दरांनी 1,411 रुपये होतात. एकाच महिन्याचे धरले तर 2,192. फरक 781 रुपयांचा!

थकबाकी आणि अनामत

मागची थकबाकी आणि तिच्यावरचं व्याज यांचा रकाना वेगळा असतो, तो पाहा. उन्हाळ्याच्या सुमारास सुरक्षा ठेवीचं वेगळं बिलही येऊ शकतं. ही ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते आणि तिच्यावर ग्राहकाला व्याज मिळतं.

युनिट कुठं जातात?

1000 वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासातच एक युनिट खातो. 75 वॅटचा जुना पंखा रोज 12 तास फिरला तर महिन्याला 27 युनिट होतात. 30 वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात 11 युनिटच्या आत भागवतो. शंभरच्या आसपास वापर असलेल्या घराला हे 16 युनिट मोलाचे आहेत.

बिल पटलं नाही तर

मीटरचा फोटो काढा आणि महावितरणच्या ॲपवर, 1912 या क्रमांकावर किंवा उपविभागीय कार्यालयात तक्रार द्या. लेखी अर्ज दिला तर पोच घ्यायला विसरू नका. तिथं दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल आहेत.

वाद आहे म्हणून बिल भरायचंच सोडून देऊ नका. वीज कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे, थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. निषेध नोंदवून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी किंवा मागितलेली रक्कम, यातली जी कमी ती भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.