रोज हरतो, तरी पुन्हा आकडा का लावतो? जुगाराची ओढ लागते तरी कशी?

हजेरीचे पैसे हातात पडतात आणि घरी जायच्या आधी पाय टपरीमागे वळतात. चिठ्ठीवर आकडे लिहिले जातात, नोट पुढे सरकते. 'ओपन' येतो, मग 'क्लोज' येतो. आकडा काही लागत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा त्याच टपरीवर उभा असतो.

घरचे म्हणतात, "याला अक्कलच नाही." गाव म्हणतं, "हाव वाईट." पण हिशोबात पक्का असलेला माणूसही यात अडकतो आणि कष्टाळू माणूसही. मग ही ओढ नेमकी कशाची?

मटका आला कुठून?

मुंबईत पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांच्या आकड्यांवर पैसे लागत. 1961 च्या सुमारास ते बंद पडलं. 1962 मध्ये कल्याणजी भगत याने वरळीत, तर 1964 मध्ये रतन खत्री याने आपला मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठी काढायची, म्हणून नाव पडलं मटका. पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले, नाव मात्र तेच राहिलं. गिरणगावात रुजलेला हा खेळ बघता बघता राज्यभर पसरला.

खेळ सोपा आहे. तीन पत्ते निघतात. समजा 3, 6 आणि 8 आले. बेरीज 17, म्हणून शेवटचा 7 हा ओपनचा आकडा. क्लोजचा आकडाही तसाच निघतो. दोन्ही मिळून जोडी. ना शिक्षण लागतं, ना कागदपत्रं. दहा रुपयांतही खेळता येतं.

दहा रुपयांत विकत घेतलेली आशा

रोजंदारीतून घर चालतं, पण मोठी रक्कम एकदम हाती येत नाही. उधारी, मुलीचं लग्न, दवाखाना यांना लागतात हजारो रुपये. दहा रुपयांच्या जोडीवर 900 मिळणार म्हटल्यावर माणूस ते दहा रुपये खर्च धरत नाही. निकाल लागेपर्यंतचे काही तास तरी 'आज सुटलो तर?' हा विचार त्याच्या सोबत असतो. तो खरं तर तेवढीच आशा विकत घेतो.

शेतकऱ्याचंही तसंच. पाऊस आणि बाजारभाव दोन्ही बेभरवशाचे. वर्षभर नशिबावर हवाला ठेवणाऱ्याला आकडा लावणं फार वेगळं वाटत नाही. त्यात कापूस, कांदा किंवा उसाचे पैसे एकरकमी हाती आले की मोह वाढतो. पोळा, दिवाळीला 'सणाचा खेळ' म्हणून बसलेला तिरटाचा डाव सण संपल्यावरही चालूच राहतो.

आता हिशोब बघा

एका आकड्याला साधारण नऊ पट आणि जोडीला नव्वद पट पैसे मिळतात. भाव थोडा इकडेतिकडे होतो, पण गणित तेच. आकडे दहा, पैसे नऊ पट. जोड्या शंभर, पैसे नव्वद पट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातले सरासरी दहा रुपये चालवणाऱ्याचे.

दहाच रुपये गेले, असं वाटेल. पण मिळालेले पैसे पुन्हा लावले जातात. हजाराचे सरासरी 900 होतात, 900 चे 810. सात वेळा फिरवले की हजाराचे 500 सुद्धा उरत नाहीत. दिवसात अनेक बाजार, प्रत्येकात ओपन आणि क्लोज. सात फेऱ्यांना कितीसा वेळ लागणार?

आणि रोज एक जोडी सलग 100 दिवस लावली, तरी शंभरातल्या सुमारे 37 जणांना ती एकदाही लागत नाही.

'थोडक्यात हुकलं!'

78 लावला आणि 77 आला, की माणूस म्हणतो, "बघ, एकाने गेला!" खरं तर 77 येणं काय नि 12 येणं काय, पैसे सारखेच गेले. पण मनाला ते हरणं वाटत नाही, जिंकता जिंकता राहिल्यासारखं वाटतं. अशा हुकलेल्या डावात मेंदूचा जिंकल्यावर जागा होणारा भागही काही प्रमाणात जागा होतो, असं संशोधनात दिसलं आहे.

बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. कितव्या टोचीला दाणा मिळेल याचा नेम नसेल, तर दाणा बंद झाल्यावरही पक्षी बराच वेळ टोचत राहतो. आकडा कधीतरी लागतो, पण कधी ते माहीत नसतं. तीच खरी ओढ आहे.

चार्ट बघणाऱ्यांचं सांगणं असतं, "5 आठवडाभर आलाच नाही, आज येणारच." पण आधी काय आलं हे पत्त्यांना ठाऊक नसतं. 1913 मध्ये मोंटे कार्लोच्या जुगारघरात चक्रावर सलग 26 वेळा काळा रंग आला. 'आता तरी लाल येईल' म्हणत लोकांनी लाखो घालवले.

वसुलीचा फेरा

सर्वात धोक्याचं वाक्य एकच: "गेलेले तेवढे काढतो आणि सोडतो." इथून खेळ मजेचा राहत नाही. आधी उसनवारी, मग व्याजाचे पैसे, मग घरातलं सोनं आणि रोज नवं खोटं. स्वतःवर ताबा न राहणं, कामधंद्यापेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, या लक्षणांना जागतिक आरोग्य संघटना आजार मानते.

मोबाइलने हा फेरा आणखी वेगात फिरवला. टपरी रात्री बंद व्हायची, मोबाइल होत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. मटक्यावर तर 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानेच कारवाई होते. पण छापा पडला म्हणून ओढ जात नाही.

घरच्यांनी काय करावं?

शिव्या, शपथा आणि मारहाणीने माणूस लपवायला शिकतो, सोडायला नाही. त्याचं देणं गुपचूप फेडून टाकलं, तर पुढच्या डावाची वाट मोकळी होते. आधी एकूण देणं किती, हे त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्यावं. घरचा पैसा, एटीएम कार्ड आणि मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय काही दिवस दुसऱ्या विश्वासू माणसाकडे द्यावी. हजेरी, पिकाचे पैसे मिळण्याच्या दिवशी कुणीतरी सोबत असावं.

जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात यावर उपचार होतात. 'टेली मानस'च्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येतं. जीवाचं बरंवाईट करण्याची भाषा तोंडी आली, तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि लगेच मदत मागावी.

आणि खेळणाऱ्यासाठी एवढंच: गेलेले पैसे टपरीवरून परत येत नाहीत. आज न लावलेले शंभर मात्र पूर्ण शंभरच राहतात.