फौजेत साहेब व्हायचे तर गणित सोडू नका

खडकवासला म्हटले की दौंड-इंदापूरकडच्या माणसाला कालव्याचे आवर्तन आठवते. त्याच धरणाच्या पाण्याकाठी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. पंडित नेहरूंच्या हस्ते १९४९ साली तिची कोनशिला बसली आणि १९५५ च्या जानेवारीत तिचे उद्घाटन झाले. भूदल, नौदल व हवाईदल या तिन्ही दलांचे भावी अधिकारी तिथे एकत्र शिकतात.

आपल्या गावांतून फौजेत जाणाऱ्यांची वाण नाही. पहाटे रस्त्याने पळणारी पोरे कुठल्याही तालुक्यात दिसतात. पण ती बहुतेक जवानाच्या भरतीसाठी पळतात. अधिकारी होण्याची वाट वहीपुस्तकातून जाते, हे त्यांना घरात कुणी सांगितलेलेच नसते. मी ठाण्याला वर्तकनगरात राहतो. गावाकडचे पाहुणे आले की विचारतात, "साहेब, पोरगा अंगापिंडाने दणकट आहे, घेतील का?" मी उलट विचारतो, "गणितात मार्क किती?"

कारण असे. प्रवेशपरीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. लेखी परीक्षा ९०० गुणांची. त्यात ३०० गुण गणिताचे, २०० इंग्रजीचे आणि ४०० विज्ञान, इतिहास, भूगोल व चालू घडामोडींचे. उत्तर चुकले तर गुण कापतात. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न हिंदी व इंग्रजीत असतात, मराठीत नसतात. पुढे सेवा निवड मंडळाची काही दिवस चालणारी कसोटी, तीही ९०० गुणांची. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. दहावीनंतर "गणित जड जाते" म्हणून ते सोडून दिलेला मुलगा इथेच अडतो. नौदल व हवाईदलासाठी तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच.

आत गेल्यावर नुसती कवायत असेल असे समजू नका. अभ्यासक्रम ३ वर्षांचा, त्याची ६ सत्रे. कवायत, पोहणे, घोडेस्वारी यांच्या जोडीला रोज वर्ग भरतात, प्रयोगशाळा असतात, परकी भाषाही शिकवतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची बी.ए. किंवा बी.एस्सी. पदवी मिळते, नौदल-हवाईदलाच्या छात्रांना बी.टेक.ची सोय आहे. सत्रात नापास झालेल्या छात्राला मागच्या तुकडीत बसवतात, मग तो मैदानावर कितीही तरबेज असो. आणि ते बरोबरच आहे. तोफेचा गोळा कुठे पडेल हे गणित सांगते, मनगट नव्हे. नंतर भूदलाचे छात्र वर्षभरासाठी डेहराडूनला जातात.

राहणे, जेवण, पुस्तके, गणवेश, औषधपाणी हा सारा खर्च सरकार करते. आईबापांना मुलाच्या हातखर्चापुरते पाहावे लागते. इंजिनिअरिंगच्या फीसाठी जमीन गहाण टाकणाऱ्या घराने हे ध्यानात घ्यावे.

मुलींनाही आता दार उघडले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात त्यातल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

तयारीसाठी शहरातल्या महागड्या क्लासलाच गेले पाहिजे असे नाही. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे. राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तिथे अकरावी-बारावीबरोबर या परीक्षेची तयारी होते. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. दहावीच्या वर्षातच त्यांच्या जाहिरातीवर नजर ठेवा.

आता वयाचे. साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस एवढीच मुदत असते, आणि आयोग दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीखच धरतो. आपल्याकडे गुरुजींनी अंदाजाने १ जून लावलेली मुले थोडी नाहीत. कागदावर वय वर्षभराने जास्त असेल तर मुलाची तेवढी संधी गेली. तेव्हा ग्रामपंचायतीतला जन्मदाखला शाळेच्या रजिस्टरशी ताडून पाहा, आणि फरक असेल तर दहावीचा फॉर्म भरण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या.