उन्हाळी प्रदेशात कुंडीतली हिरवी मिरची

रक्तदाब वाढला की डॉक्टरांचा पहिला हुकूम मीठ कमी करण्याचा. दोन दिवस आमटी अळणी लागते आणि तिसऱ्या दिवशी मिठाची बरणी पुन्हा ताटाशेजारी येऊन बसते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, आणि त्यातच पाव, लोणचे, पापड सगळे आले. अशा जेवणाला चव आणायची तर ताजी हिरवी मिरची, लिंबू आणि कोथिंबीर यांच्याइतका दुसरा आधार नाही. एकट्या-दुकट्या घरात पाव किलो मिरची आणली तर निम्मी सडते. दारात झाड असले की हवी तेव्हा एकच तोडता येते.

आपल्यापैकी बरेच जण उष्ण प्रदेशात राहतात, म्हणून उदाहरण सर्वांत कठीण जागेचे घेऊ. १९७० नंतर तेलाच्या भरभराटीत आपल्या रायगड-रत्नागिरीकडचे कितीतरी लोक सौदी अरेबियात कामाला गेले. तिथे जुलैमध्ये रियाधचा पारा ४३-४४ अंशांवर असतो. त्या उन्हातही मिरचीचे झाड जगते, पण फळत नाही. दिवसा ३५ अंशांच्या वर तापमान गेले आणि रात्रही गरम राहिली की फुलातला पराग निकामी होतो व फूल गळते. मग माणसे खत घालतात, पाणी वाढवतात, आणि मुळे कुजवून ठेवतात. दोष खताचा नसून पेरणीच्या महिन्याचा असतो.

म्हणून जेद्दाच्या किनाऱ्यावर बी सप्टेंबरमध्ये टाकावे; तिथली थंडी नावालाच, त्यामुळे मिरची हिवाळाभर मिळते. रियाधची हिवाळी रात्र मात्र गारठ्याची. तिथे डिसेंबर-जानेवारीत घरात उबेला रोप करावे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बाहेर काढावे. अभा हे शहर समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच, तिथे उन्हाळाच मिरचीचा. दिमोना, बेरशेबाकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये खिडकीशी बी टाकले तरी चालते. मुंबई-अलिबागला पाऊस ओसरल्यावर टाकावे.

बी कोणते? हिरव्या मिरचीतले बी कोवळे असते, ते बहुधा रुजत नाही. झाडावर लाल झालेल्या मिरचीचे घ्यावे, किंवा दुकानातून पाकीट आणावे. गावाहून बियांची पुडी बॅगेत घालून परदेशात नेऊ नये. रोपांचे रोग पसरू नयेत म्हणून त्यावर बंधने आहेत, विमानतळावर उगाच त्रास होतो. बी रात्रभर पाण्यात भिजवून अर्ध्या सेंटीमीटर खोल पेरावे. २५ ते ३० अंश उबेत आठ-दहा दिवसांत, कधी दोन आठवड्यांत, कोंब दिसतो. पाच-सहा आठवड्यांनी रोप दहा-बारा इंची कुंडीत लावावे. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी मिरची हाताला येते.

वाळवंटी मुलखात दुसरा शत्रू म्हणजे खारे पाणी. सौदीत समुद्राचे पाणी गोडे करून शहरांना पुरवतात, पण विहिरीचे पाणी बरेचदा खारट. कुंडीच्या मातीवर पांढरा थर दिसला आणि पानांच्या कडा करपल्या तर गोडे पाणी सावकाश, खालून भरपूर वाहून जाईपर्यंत ओतावे, म्हणजे क्षार धुऊन जातात. दुपारच्या उन्हाला जुनी ओढणी आडवी बांधली तरी पुरे.

ज्येष्ठांनी स्वतःकडेही पाहावे. पाणी सकाळी लवकर घालावे, दुपारी गच्चीवर जाऊ नये. भरलेली कुंडी उचलू नये. ती आधी जागेवर ठेवून मग माती भरावी.

आता खाण्याविषयी. कच्च्या हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असते, शिजवल्यावर ते कमी होते. तिखटपणा बियांत असतो हा समज चुकीचा आहे. तो बिया धरून ठेवणाऱ्या आतल्या पांढऱ्या शिरेत असतो. ती काढली की वास व चव राहते, जळजळ कमी होते. तरीही अल्सर, छातीत जळजळ किंवा मूळव्याध असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी. खारवलेल्या सांडग्या मिरच्यांनी मात्र मिठाचा हिशोब पुन्हा बिघडतो. येमेनी शेजारीण जो स्हुग वाटते, त्याचाच भाऊ सौदी-येमेनकडे सहावेक म्हणून जेवणात असतो. घरी वाटताना लसूण-कोथिंबीर वाढवून मीठ चिमूटभरच घालावे.

मिरची चिरल्यावर हाताला आधी थोडे तेल चोळून मग साबणाने धुवावे. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत थेंब घालणाऱ्यांनी तर मिरची दुसऱ्याकडूनच चिरून घ्यावी. तोंड भाजले तर दूध किंवा दही घ्यावे. मटणाचे जेवण असेल तर ते चालणार नाही, तेव्हा भात किंवा पावाचा तुकडा चघळावा.

हंगाम संपताना दोन चांगल्या मिरच्या झाडावरच लाल होऊ द्याव्यात. बी सावलीत सुकवून कागदी पुडीत ठेवावे आणि पुडीवर तारीख लिहावी. कोरड्या जागी ते दोन-तीन वर्षे टिकते.